फावडे कोणी रोवावे?

एमेलोर्ड आणि एन्स या दोन वस्त्यांना जोडणारी वाट एका फळीच्या रुंदीची होती. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदल, आणि मधे लाकडी खांबांच्या रांगेला धरून टाकलेल्या फळ्या. एमेलोर्डकडून येणारा आणि एन्सकडून जाणारा असे दोघे वाटेत समोरासमोर आले म्हणजे मागे फिरणे दोघांनाही परवडत नसे. मग, असे सांगतात, ते एकमेकांच्या कमरेला मिठी मारीत आणि तशीच एक गिरकी घेत. याची पाठ तिकडे, त्याची इकडे, आणि दोघेही आपापल्या दिशेने चालू लागत. एमेलोर्डचे लोक कॅथलिक पंथाचे आणि एन्सचे प्रॉटेस्टंट. एरवी त्या काळात या दोन पंथांची माणसे एकमेकांच्या गळ्यात पडण्याचे प्रसंग थोडेच. येथे मात्र वाटच अशी होती की धर्म सांभाळायचा तर पाण्यात पडावे लागे.

या वस्त्या ज्या बेटावर होत्या त्याचे नाव स्खोकलंड. ज्या देशाला आपण सरसकट हॉलंड म्हणतो त्या नेदरलँड्सच्या पोटात पूर्वी झुइडर झी नावाचा उथळ समुद्र शिरलेला होता. त्यात हे बेट. लांबी चारेक किलोमीटर, आणि रुंदी इतकी कमी की एका किनाऱ्यावरून हाक मारली तर दुसऱ्या किनाऱ्याला ऐकू जावी. माती घालून उंच केलेल्या टेकाडांवर घरे दाटीवाटीने उभी. शेती अशी नाहीच; कारण भरतीचे पाणी केव्हा येईल आणि काय घेऊन जाईल याचा नेम नाही. सगळे कोळी. अशा या बेटावरून १८५९ साली सुमारे साडेसहाशे माणसांना सरकारने उठविले आणि गाव मोडले. ते योग्य झाले की अयोग्य, हा प्रश्न वरवर पाहता फार जुना आणि फार दूरचा आहे. पण जसजसा मी त्याच्याकडे पाहत गेलो, तसतसे ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ हे दोन्ही शब्द मला अपुरे वाटू लागले.

आधी हे बेट बेट कसे झाले ते सांगितले पाहिजे, कारण अपराध कोणाचा हे ठरविताना त्याचा उपयोग होईल. मध्ययुगात तेथे समुद्र नव्हता. मैलोगणती काळी, भुसभुशीत, स्पंजासारखी पाणी धरून ठेवणारी जमीन होती. हजारो वर्षे वनस्पती पाण्यात अर्धवट कुजून साचत गेल्या म्हणजे अशी माती तयार होते. तिला पीट म्हणतात. तेव्हाच्या शेतकऱ्यांनी या जमिनीत चर खणले, पाणी काढून दिले आणि धान्य पेरले. यात वाईट काय केले? कोणताही कष्टाळू कुणबी हेच करील. पण पीटचा स्वभाव असा की पाणी गेले की ते आकसते आणि हवा लागली की हळूहळू विरून जाते. जमीन खचू लागली. खचली म्हणून पाणी साचू लागले, साचले म्हणून चर अधिक खोल खणले, आणि खोल खणले म्हणून जमीन आणखी खचली. शेवटी शेत समुद्राच्या खाली गेले, आणि बाराव्या ते चौदाव्या शतकांतल्या एकामागून एक आलेल्या वादळांनी त्या खोलगट भागात समुद्र आणून बसविला. जी उरली ती बेटे. म्हणजे १८५९ सालच्या कोळ्यांनी जे भोगले ते ज्यांच्या हातून घडले ते सारे सहा-सातशे वर्षांपूर्वीच मातीआड झाले होते, आणि त्यांनी जे केले ते मुलाबाळांच्या पोटासाठीच केले होते. पूर्वजांच्या पापाची फळे आपण भोगतो असे आपण नेहमी म्हणतो. त्यांच्या उद्योगशीलतेची फळेही कधी कधी भोगावी लागतात, हे तितकेसे कोणी म्हणत नाही.

पाण्याशी झुंजणाऱ्या या लोकांनी एक कायदा केला होता. तो मला नीतिशास्त्राच्या पुष्कळ ग्रंथांपेक्षा मोलाचा वाटतो. उत्तर समुद्राच्या काठाकाठाने, नेदरलँड्समध्ये आणि जर्मनीच्या किनाऱ्यावरही, समुद्रबांधाचे तुकडे पाडून ते शेतकऱ्यांना वाटून दिलेले असत. ज्याची जमीन बांधाच्या आड, त्याने आपला तुकडा राखायचा. जो बांध घालणार नाही त्याने चालते व्हावे, अशी तिकडची म्हणच आहे. आणि हे चालते होणे कसे? ज्याला आपला तुकडा राखणे अशक्य झाले त्याने आपले फावडे बांधावर उभे रोवायचे. (त्यांचे फावडे सरळ दांड्याचे आणि सरळ पात्याचे असते, ते मातीत उभे राहते.) फावडे रोवले की त्या माणसाचा जमिनीवरचा हक्क संपला. जो कोणी पुढे येऊन ते फावडे उपसून घेईल त्याची ती जमीन झाली, आणि तो बांधही त्याच्या गळ्यात पडला.

कायदा निष्ठुर आहे खरा. दोन-तीन वर्षे वादळांची गेली, घरातला कर्ता मुलगा गेला, बैल मेले, की पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन एका फावड्यानिशी सुटायची. परंतु त्यात एक गोष्ट मोठी सभ्य आहे. फावडे ज्याचे त्याने रोवायचे. शेजाऱ्यांनी तगादा लावला असेल, टोमणे मारले असतील, दंड केला असेल. तरी ‘आता माझ्याने होत नाही’ हे शेवटचे वाक्य त्या माणसाच्या तोंडून निघायचे. हरलेल्या माणसाला आपली हार आपल्या हाताने जाहीर करू देणे यात त्याचा एक मान राखलेला आहे.

स्खोकलंडवर असे वाटून देण्याजोगे काही उरलेच नव्हते. शेत नाही, मग शेतकऱ्याच्या वाट्याचा बांध कुठला? बेटाच्या किनाऱ्याला लाकडी खांबांची भिंत होती आणि तिचा खर्च बाहेरून येई. बेटाचा उत्तर भाग, म्हणजे एमेलोर्ड, शेजारच्या उर्क बेटासह १६६० साली ॲमस्टरडॅम शहराने विकत घेतला होता. का? तर ॲमस्टरडॅमची जहाजे या समुद्रातून जात, आणि रात्री त्यांना दिवा दिसला पाहिजे. तेव्हापासून या बेटाचे दैव दुसऱ्यांच्या गरजेला बांधले गेले. पुढे १७३० च्या सुमारास एका क्षुद्र प्राण्याने सबंध देशाची झोप उडविली. शिंपल्याच्या जातीचा, पण अळीसारखा दिसणारा हा प्राणी पाण्यातले लाकूड आतून पोखरतो. बाहेरून खांब धडधाकट, आत चाळण. किनारपट्टीच्या बांधांचे लाकूड काढून दगड घालण्याची पाळी आली. आणि त्या देशात दगड नाही, तो परदेशातून आणावा लागतो. बेटे सांभाळणे म्हणजे पैसा समुद्रात टाकणे, असे लोकांना अक्षरशः वाटू लागले. १८२४ साली ॲमस्टरडॅमपासून थेट उत्तरेच्या बंदरापर्यंत कालवा झाला आणि मोठ्या जहाजांनी झुइडर झीची वाट सोडली. लगेच पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १८२५ मध्ये, मोठे वादळ झाले. स्खोकलंडवर तेरा माणसे बुडाली आणि कित्येक घरे वाहून गेली.

त्यानंतरची तीस-बत्तीस वर्षे वाचताना मन विषण्ण होते. मासळी कमी, कर्ज अधिक. बेटावर कापड विणण्याचे काम आणून पाहिले. देशभरातून वर्गण्या आल्या. सरकारी खांबभिंतीची डागडुजी हीच पुष्कळांची मजुरी झाली. म्हणजे ज्या बेटाला समुद्र खात होता त्याला ठिगळे लावण्यावरच बेटाची चूल पेटत होती. १८५५ मध्ये दक्षिणेच्या टोकाची एक वाडी मोडून तिथली माणसे हलविली. १८५८ च्या अखेरीस संसदेने कायदा केला, नुकसानभरपाई ठरली, आणि १८५९ च्या जुलैत स्खोकलंड ही नगरपालिका कागदावरूनही पुसली गेली. आपापली घरे पाडून द्यायची, ही अट होती. माणसाला घर सोडायला सांगणे एक आणि ते पाडायला सांगणे दुसरे. पण कारकुनी दृष्टीने त्यातही शहाणपण होते. घर उभे राहिले तर माणूस परत येतो.

सरकारच्या बाजूने बोलायचे तर पुष्कळ बोलता येईल, आणि ते प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. दरवर्षी मुलांना घेऊन पोटमाळ्यावर रात्र काढणारी आई, पाणी चढते आहे की ओसरते आहे हे अंधारात चाचपून पाहणारा बाप, यांना ‘तुमचे गाव ही तुमची अस्मिता आहे’ असे कोरड्या खोलीत बसून सांगणे सोपे आहे. बेटाचे गोडवे बहुधा बेटावर न राहणारे लोक गातात. शिवाय ज्याने मरणाची जोखीम स्वतः पत्करली त्याच्या बाणेदारपणाला मी नमस्कार करीन. परंतु त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने ती जोखीम केव्हा पत्करली? आणि देशाच्या पूर्वेकडच्या रेताड जमिनीत राबणारा एखादा गरीब शेतकरी जर विचारता, “माझ्या करातून त्या साडेसहाशे माणसांसाठी दगड किती वर्षे आणायचे?” तर त्याला दुष्ट म्हणण्याचा अधिकार मला नाही. स्थलांतरितांपैकी पुष्कळांना नव्या ठिकाणी कोरडी जमीन, शाळा आणि डॉक्टर जवळ मिळाले असतील. पुढील काळात त्या बेटावर आणखी एखादी १८२५ ची रात्र येती, तर ज्यांनी गाव राखले त्यांनाच आपण खुनी ठरविले असते.

इतके सगळे मान्य करूनही एक काटा मनात राहतोच.

तिकडे पाण्याच्या कारभारासाठी गावोगावच्या पाणीसभा असतात. त्यांतली काही मंडळे सातशे वर्षांहून जुनी आहेत. राइनलंडच्या मंडळाला तर १२५५ साली सनद मिळालेली आहे. राजे आले, गेले, स्पेनचे राज्य आले, नेपोलियन आला. पण बांधांचा हिशेब चालूच राहिला. त्यांच्या कारभाराचे सूत्र तीन शब्दांत सांगतात: ज्याचे हित, त्याचा पैसा, आणि त्याचाच शब्द. बांधामुळे ज्याचे रक्षण होते त्याने पैसे द्यावेत आणि जो पैसे देतो त्याने कारभारात बोलावे. व्यवहारात याहून न्याय्य सूत्र क्वचित सापडेल. पण स्खोकलंडवर आणून ठेवले की ते मधेच मोडते. हित कोणाचे? सर्वस्वी बेटवासीयांचे. पैसा कोणाचा? सर्वस्वी बाहेरच्यांचा. मग शब्द कोणाचा? सूत्र म्हणते, पैसेवाल्याचा. १८४८ च्या राज्यघटनेने तिथे थेट निवडणुका आणल्या होत्या खऱ्या, पण मत फक्त ठराविक कर भरणाऱ्या पुरुषांना. वर्गण्यांवर जगणाऱ्या कोळ्यांच्या वाट्याला त्यातले कितीसे येणार! ज्यांचे सारेच पणाला लागले होते त्यांच्याकडे द्यायला काही नव्हते, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन नव्हते. खजिन्याच्या लेखी हा जमाखर्चाचा एक तपशील होता. तिकडे बाजवर जन्मलेली आणि गावच्या दफनभूमीत निजायची आशा धरून बसलेली म्हातारी होती. दोघांचे हित एकाच तागडीत घालून तोलता येत नाही.

त्यातून आणखी एक गोष्ट घडली, तिच्यामुळे हा काटा अधिकच खुपतो. गाव मोडले तरी बेट सोडलेले नव्हते! ओव्हरआयसेलच्या किनाऱ्यावर येणाऱ्या लाटा ते अंगावर घेत होते, म्हणून त्याची डागडुजी पुढेही होत राहिली. एमेलोर्डचे बंदर वादळात सापडलेल्या नावांसाठी आसरा म्हणून ठेवले, दिवा ठेवला, आणि दिव्यापाशी सरकारी नोकर ठेवले. म्हणजे बेट राखण्यालायक होते, फक्त माणसे राखण्यालायक नव्हती. असे कोणी म्हटले नाही, आणि कोणाच्या मनातही आले नसेल. पण उठवलेल्या कोळ्याने कांपेनच्या धक्क्यावरून पश्चिमेला पाहिले असेल तेव्हा त्याला काय वाटले असेल?

म्हणून मी पुन्हा त्या फावड्याकडे येतो. स्खोकलंडचे लोक हरले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. आज ना उद्या फावडे रोवावे लागणारच होते. परंतु ते त्यांच्या हातात दिले गेले नाही. दुसऱ्याने हिशेब मांडला, दुसऱ्याने निकाल दिला, आणि दुसऱ्याने, अत्यंत सद्धेतूने, त्यांच्या बांधावर फावडे रोवले. हिताचा निर्णय आणि अपमान एकाच वेळी, एकाच कागदावर, एकाच सहीने होऊ शकतात. माणसे बरेचदा दुःख विसरतात. आपल्याला न विचारता आपले भले करण्यात आले, हे मात्र नातवंडांनाही सांगतात.

तीच वादळे, तीच गरिबी, तोच समुद्र. तरी शेजारचे उर्क मात्र राहिले. याचे कारण उर्कच्या लोकांचा बाणा नव्हे. उर्क हिमयुगातल्या घट्ट दगडगोट्यांच्या मातीच्या टेकाडावर बसलेले होते, आणि स्खोकलंड पीटवर. पायाखाली काय आहे हे गाव वसविणाऱ्याने ठरविलेले नसते. आज उर्क हे भरभराटीचे मासेमारी गाव आहे आणि तिथल्या लोकांच्या चिवटपणाचे कौतुक होते. ते रास्तही आहे. फक्त चिवटपणालाही उभे राहायला थोडी घट्ट जमीन लागते.

उठविलेली माणसे कांपेनजवळच्या ब्रुनेपे या वस्तीत, फोलेंडाममध्ये, फोलेनहोव्हेत, काही उर्कवर, अशी पांगली. कॅथलिकांनी कॅथलिक गावे पाहिली, इतरांनी इतर. बेटावरची एका फळीची वाट दोघांनाही रोज एकमेकांच्या मिठीत आणीत होती. मुख्य भूमीवर रस्ते रुंद होते. पण नाव राहिले. त्यांचे वंशज आजही स्वतःला ‘स्खोकर’ म्हणवितात. आपल्या कानाला हे अगदी आपल्या ‘कर’ लागलेल्या आडनावासारखे ऐकू येते, आणि गंमत म्हणजे अर्थही तसाच आहे: त्या गावचा. पिढ्यामागून पिढ्या ज्या गावात कोणी राहिलेले नाही त्या गावचा.

आता यापुढची कथा अशी आहे की कादंबरीत घातली तर वाचक लेखकाला दोष देईल. कॉर्नेलिस लेली नावाच्या अभियंत्याने १८९१ मध्ये झुइडर झीचे तोंड बांध घालून बंद करण्याची योजना मांडली. १९१६ च्या पुराने लोकांचे डोळे उघडले, १९१८ मध्ये कायदा झाला, आणि १९३२ च्या मे महिन्यात बत्तीस किलोमीटर लांबीचा बांध पुरा होऊन समुद्राचे गोडे सरोवर व्हायला लागले. मग सरोवराचे भाग बांधाने वेढून पाणी उपसायचे. अशा मिळविलेल्या जमिनीला पोल्डर म्हणतात. सप्टेंबर १९४२ मध्ये, ऐन युद्धात, जर्मनांच्या ताब्यात देश असताना, ईशान्येचा पोल्डर कोरडा पडला. आणि त्या सपाट चिखलात एक लांबट उंचवटा वर राहिला. तो स्खोकलंड. गाव मोडल्याला त्र्याऐंशी वर्षे झाली होती. ज्या समुद्रामुळे बेट राहण्यालायक नाही असे ठरले तो समुद्रच नाहीसा झाला होता.

यावरून १८५९ च्या लोकांना मूर्ख ठरविणे अन्यायाचे होईल. त्यांना लेली दिसत नव्हता. मागाहून दिसणाऱ्या गोष्टींनी आधीच्यांचा न्याय करू लागलो तर निर्णय घेणारा एकही माणूस निर्दोष सुटणार नाही. मला दुसरीच गोष्ट अधिक विचार करायला लावते. या नव्या जमिनीवर येऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांची सरकारने कसून निवड केली. अर्जदाराचे वय, भांडवल, अनुभव पाहत; अधिकारी त्याच्या घरी जाऊन शेत पाहत, गोठा पाहत, आणि बायको घर कसे ठेवते तेही पाहत. नव्या समाजाला उत्तम माणसेच हवीत! पीक उत्तम आले, गावे नेटकी वसली, सारे आखल्याप्रमाणे झाले. त्या पोल्डरच्या मुख्य शहराला नाव दिले एमेलोर्ड, आणि एका खेड्याला एन्स. नावे त्या जुन्या गावांची. माणसे तपासून घेतलेली. कर्जबाजारी, कुडकुडणारे, वर्गणीवर जगणारे ते कोळी या परीक्षेला बसते तर त्यांतले किती उत्तीर्ण झाले असते, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

पुढे दक्षिणेकडच्या झीलंडमध्ये १९५३ च्या फेब्रुवारीत भयंकर पूर आला; देशात १८३६ माणसे दगावली. तेव्हा सरकारने बेटे रिकामी केली नाहीत; खाड्यांची मुखे बांधली, बांध उंचावले, आणि त्यापायी दशकानुदशके पैसा ओतला. एव्हाना देश श्रीमंत झाला होता, आणि प्रत्येक प्रौढ माणसाला, बाईलासुद्धा, मत होते. यांतले कोणते कारण किती मोठे, हे मी सांगू शकत नाही. पण दोन्ही होती. त्याच झीलंडमध्ये १९०७ साली मिळविलेला हेडविगे नावाचा पोल्डर २०२२ मध्ये बांध फोडून पुन्हा भरतीच्या पाण्याला देण्यात आला. बेल्जियमशी झालेला करार आणि खाडीतला निसर्ग जगविणे ही त्याची कारणे. शेतीच्या बाजूने लोक वर्षानुवर्षे भांडले. कारणे या वेळीही चांगलीच होती. चांगल्या कारणांचा तुटवडा असा कधी पडतच नाही.

स्खोकलंड आज पाहता येते. १९९५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घातले; त्या देशातले ते पहिलेच स्थळ. मधल्या वाडीतले १८३४ सालचे प्रॉटेस्टंट चर्च अजून उभे आहे, तिथे आता संग्रहालय आहे, आणि टेकाडाच्या कडेला खांबांची भिंत बटाट्याच्या आणि गव्हाच्या शेतांकडे तोंड करून उभी आहे. मात्र शेतांसाठी पाणी उपसले जात असल्यामुळे भोवतालची जमीन वाळून खचते आहे, आणि बेटाखालचे पीटही त्याच वाटेने जाऊ लागले होते. म्हणून पूर्वेकडच्या पट्ट्यात शेती थांबवून तिथे पाण्याची पातळी मुद्दाम उंच ठेवलेली आहे. ओल कमी होऊ नये म्हणून तिच्यावर माणसे नेमून लक्ष ठेवावे लागते. उत्तरेच्या टोकाला एमेलोर्डचे बंदर आहे. धक्का आहे, दिवेवाल्याचे घर आहे, आणि नावा बांधायच्या जागी गवत वाढलेले आहे.